पहिला नंबर आमचा

पुण्याच्या एका कंपनीचं काम मी वालूरजवळच्या आमच्या गावात बसून करतो. कंपनीत नव्यानं आलेल्यांना मी मोठ्या तोऱ्यात शिकवतो, की सॉफ्टवेअर वापरणाऱ्याशी खोटं बोलायचं नाही आणि चूक दिसली की झाकायची नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

आमच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्यात भावकीच्या आणि शेजाऱ्यांच्या मोटारी आहेत. प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो बसवलेलं. त्यामुळे लाईन आली की सगळ्या मोटारी एकदम उठायच्या आणि एवढ्या भारानं ट्रान्सफॉर्मरची डीपी जळायची. नवी येईपर्यंत पिकं माना टाकायची. ऑटो काढा, असं लाईनमन सांगून थकला. पण आधी शेजाऱ्यानं काढावं, मग मी काढतो, असं प्रत्येकाचंच म्हणणं.

शेवटी मी एक प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांच्या स्टार्टरमध्ये छोटी पेटी बसवली. एक मोटार आपला वेळ चालून बंद झाली की दुसरी सुरू व्हायची. डीपी जळायची थांबली. लोक मला बोलावून चहा पाजू लागले आणि मीही फुगलो.

चाचणी आमच्या मोटारीवर घेतली होती, म्हणून पहिला नंबर आमचा. शेजारच्या काकूंचा शेवटचा, कारण पेट्या बसवल्या त्या दिवशी त्या लेकीला एसटीत बसवायला देवगाव फाट्याला गेल्या होत्या. इथवर ठीक होतं. पण लाईन मधेच गेली, की परत आल्यावर पाळी पुढं सरकायच्या ऐवजी पुन्हा आमच्यापासूनच सुरू व्हायची. आणि आमच्याकडे लाईन रोजच मधेच जाते. ही चूक मला पहिल्याच आठवड्यात दिसली. दुरुस्ती दुपारभराचीही नव्हती. वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आपल्या उसाला पाणी मिळायलंय, तर तुला कामून घाई?" मी गप्प बसलो. वडिलांचं नाव उगाच घेतोय. मलाही ते पाणी हवंच होतं.

काकूंनी उन्हाळी भुईमूग पेरला होता. ऐन शेंगा भरायच्या दिवसांत एकदा त्यांनी मला बांधावर गाठलं. "रोज आमचाच नंबर मागं कसा काय यायलाय रं बाबा?"

"मशीन ठरवतं, काकू," मी म्हणालो. "माझ्या हातात नाही."

त्यांनी मान हलवली आणि पाण्याच्या वाळलेल्या दंडाकडे बघत निघून गेल्या. मला तेव्हाच लाज वाटली. तरीही त्या दिवशी मी काहीच केलं नाही.

पुढं पारावर कुणीतरी बोललं, की पोरानं बापाच्या रानाची सोय केलीय. तर काकूच माझ्या बाजूनं भांडल्या. "मशीनला काय ठाऊक कोण आपलं, कोण परकं? उगं लेकराला नावं ठिवू नका." हे मला आईनं कौतुकानं सांगितलं. जेवणाचं ताट तसंच ठेवून मी उठलो आणि लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवसापासून पाळी जिथं थांबली, तिथून पुढं जाऊ लागली. काकूंच्या रानात पाणी पोचलं, पण तोवर निम्म्या शेंगा पोचट गेल्या होत्या.

भुईमूग काढल्यावर काकू पिशवीभर ओल्या शेंगा घेऊन आल्या. पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "तुझ्या मशीनला आमची कीव आली बघ."

मी एक शेंग फोडली. टच्च भरलेली. दुसरीही तशीच. पोचट घरी ठेवून भरलेल्या तेवढ्या आमच्यासाठी निवडून आणल्या होत्या. मग मी सगळं सांगितलं. मशीन काहीच ठरवत नाही, ठरवणारा मीच होतो, आणि मला पहिल्यापासून माहीत होतं.

मला वाटलं, काकू शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझ्या बापानं पाणी अडवलं असतं, तर बांधावर जाऊन भांडले असते," त्या म्हणाल्या. "आजवर लय भांडलेय. पर तू मशीन मनलास. मशीनसंगं कसं भांडावं? मनून गप बसले."

मग त्यांनी ओट्यावरची पिशवी उचलली आणि घरी घेऊन गेल्या.