मूठ माझी

लग्नानंतर पंचवटीतल्या वस्तरे बनवणाऱ्या घरात पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी बजावलं, "वस्तऱ्याच्या मुठी हव्या तेवढ्या घास, पण पात्याला हात लावायचा नाही. ते बायकांचं काम नाही."

मी वीस वर्षं मुठीच घासल्या. म्हशीच्या शिंगाची पट्टी आधी कानशीने उतरवायची, मग काचेच्या तुकड्याने खरवडत राहायचं, उन्हात धरल्यावर कडा मधासारख्या दिसेपर्यंत. मूठ जाड राहिली की वस्तरा हातात जड पडतो. गंगापूर रोडचे सलूनवाले येऊन मूठ हातात तोलत सासऱ्यांना म्हणायचे, "काका, तुमच्या हाताला तोड नाही." सासरे खुशाल मान डोलवायचे आणि चहा मलाच आणायला सांगायचे.

यंदा त्यांचा हात थरथरायला लागला. दाढी वाढली, पण दुसऱ्या कुणापुढे गाल करायला तयार नाहीत. मी आठ दिवस गुपचूप फुग्याला साबण फासला आणि तो न फोडता वस्तरा चालवायला शिकले. मग एका सकाळी त्यांच्या गालाला फेस लावून वस्तरा उघडला.

ते दचकले. "अगं, पातं आहे ते!"

"आणि मूठ माझी आहे, बाबा. आता बोलू नका, कापेल."