रिकाम्या नाक्यातली बिऱ्हाडं

माणसं दाटीवाटीनं राहिली की किस्से आपोआप साठतात. आम्ही तर सहा बिऱ्हाडं एका कस्टम नाक्यात राहिलो, मग विचारूच नका!

गोवा पोर्तुगीजांकडून सुटला आणि आरोंद्याच्या खाडीवरचा नाका ओस पडला. हद्दच उरली नाही, तर तपासणार काय? त्याच सुमारास काठाच्या मालकानं माड लावायचे म्हणून आमच्या झोपड्या मोडायला लावल्या. मी नवी नवरी. आमची शेजारीण जनाकाकी मासे विकायची. ती सरळ नाक्याच्या पडवीत गेली आणि तिनं तीन दगडांची चूल मांडली.

"काकी, सरकारी जागा ती!" आमचे हे म्हणाले.

"मी खंय ऱ्हवतंय रे? पेज शिजवतंय नुसती!"

पेज शिजेपर्यंत तिथे सहा चुली पेटल्या होत्या.

*

खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. आमच्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'झडती'. खिळे असे ठोकलेले की निघेचना. माझे वडील मालवणहून पहिल्यांदा लेकीच्या घरी आले. त्यांनी पाटी वाचली आणि उंबऱ्यावर मुकाट्यानं दोन्ही हात वर करून उभे राहिले!

*

पुढारी नको, हे पहिल्याच दिवशी ठरलं. जे करायचं ते सगळ्यांनी मिळून. एक जरी नाही म्हणाला तरी परत बसायचं.

विहिरीवर आधी कुणी जायचं, यावर तीन संध्याकाळी भांडलो. चौथ्या संध्याकाळी कुणी बोलेचना. खाडीवर ऊन उतरत होतं, पलीकडचे माड पाण्यात लांब लांब होत चालले होते. सगळे नुसते बघत राहिलो. दिवेलागणीला काकी म्हणाली, "ठरला मा?"

"ठरला!"

काय ठरलं, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. भांडण मात्र परत झालं नाही.

*

तालुक्याहून एक कारकून यायचा. "तुमचा पुढारी कोण?"

"पुढारी होडयेर गेलो," काकी सांगायची.

पुढच्या खेपेला पुढारी होडीवरच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. शेवटी कारकून कळवळून म्हणाला, "अहो, बुडाला की काय तो?"

*

एका दुपारी मात्र कारकुनाचे साहेब स्वतः आले. हातात पितळी कुलूप, खिशात ऑर्डर. मला पाचवा महिना चालू, जायचं कुठे?

काकीनं आधी पाणी दिलं, मग भात आणि बांगड्याची कढी. जेवून साहेब पडवीत टेकले, ते झोपलेच! भरतीचं पाणी पायरीशी येऊन हलके हलके वाजत होतं. आम्ही सगळे भोवती बसून होतो. काकी तेवढी पदरानं माशा वारत होती.

जागे झाल्यावर साहेब बराच वेळ खाडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी कुलूप काकीच्या हातात ठेवलं.

"बाई, इमारतीला कुलूप लावा, एवढीच ऑर्डर आहे. बाहेरून की आतून, ते लिहिलेलं नाही!"

आम्ही सगळे आत गेलो. काकीनं दार ओढून घेतलं.

"लागलं का?" बाहेरून आवाज आला.

"लागला!"

फटीतून पाहिलं, तर साहेबांनी ऑर्डरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि होडीत जाऊन बसले.