राखेत भाजलेली वांगी

माझ्यावर सर्वांत अधिक उपकार आहेत ते साखर कारखान्यातल्या वेल्डिंगच्या मिस्त्रींचे. सोनईच्या शाळेतून निघून मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, कारखान्यात नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात एक काळे लोखंड उचलायला वाकलो. मिस्त्रींनी मनगट धरून मला मागे ओढले. एक वाळकी काडी त्यांनी त्या लोखंडाला टेकवली. ती धुरावली.

"तांबडं लोखंड वरडून सांगतं, कालेजवाले. काळं गप ऱ्हातं. आधी काडी, मग हात."

हा लिहिता हात त्यांनी राखला.

त्या हंगामात उसाच्या चरकाचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दातेरी चाक तडकले. मिस्त्रींनी ते लोणारी कोळशावर अर्धा दिवस सगळीकडून सारखे तापवले, मग तडा सांधला आणि चाक गरम राखेत पुरून वर पत्रे टाकले. भोवती चुन्याची रेघ ओढली. दोन दिवस रेघेच्या आत कोणी यायचे नव्हते. बीड हळूहळू निवले नाही तर फुटते, हे त्यांनीच मला शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरसाहेबांकडे पाहुणे आले. शिपायाच्या हाती वांग्यांची टोपली देऊन साहेब राखेपाशी आले.

"फुकटची भट्टी आहे, मिस्त्री. चार वांगी भाजून घेऊ."

"न्हाई साहेब. वारा लागला तर चाक फुटंल."

"पडसं होतं का रे तुझ्या चाकाला? काढा पाठवू?"

मिस्त्री जेवायला गेले तसे साहेबांनी पत्रे काढायला लावले. मी तिथेच उभा होतो. वांगी काढताना शिपायाचा तळवा चाकाला टेकला आणि कातडी तिथेच चिकटली. तो ओरडला. साहेब म्हणाले, "अरे, वांगं सांभाळ!" मग माझ्याकडे वळले. "चला पदवीधर, भरीत खायला."

मी गेलो. साहेब बोटे चाटत होते, त्यांच्या मिशीत काळी साल अडकली होती. माझ्या घासालाही जळक्या कातडीचा वास येत होता, तरी मी पुन्हा वाढून घेतले. अजूनही वांगे भाजल्याचा वास आला की मी उठून बाहेर जातो. किळस येते ती साहेबांची कमी, स्वतःची जास्त.

राख उपसली तेव्हा चाक सांध्याशेजारीच चिरलेले निघाले. मिस्त्रींनी राखेतून वांग्याचा एक देठ उचलला.

"हे काय राखंत उगवलं?"

"दारू पिऊन सांधलंस, आणि वर तोंड करतोस?" साहेब सर्वांदेखत ओरडले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या बुटांकडे पाहिले. त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून काढले आणि ते कोपरगावकडच्या आपल्या गावी गेले. चौथ्या दिवशी मी त्यांना पत्र पाठवले:

"मिस्त्री, सा. न. राख उघडली तेव्हा मी तिथे होतो. ते भरीत मीही खाल्ले. आज कारखान्याच्या मालकांना सगळे लेखी दिले आहे, शिपायानेही अंगठा दिला आहे. माझी नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही. तुम्हाला बोलावणे आले तर या. मी असलो तर चाक पुन्हा राखेत पुराल तेव्हा दोन दिवस रेघेवर मी बसेन. हे पत्र कोणाकडून वाचून घ्याल, त्याला चारचौघांत मोठ्याने वाचायला सांगा."