एक चिंचोका कमी

पोचीराम काका नावेत बसवण्याआधी प्रत्येक मुलाला काखेत धरून एकदा वर उचलायचे. लाड म्हणून नव्हे, वजन कळावं म्हणून. "ही जवारीची पिशवी, मधी बस. हा कापूस, कडंला." एकदा तिसरीतल्या एका पोराने विचारलं, "काका, मी काय?" काका म्हणाले, "तू भुईमुगाच्या शेंगा. वजन न्हाई, आवाजच लई."

नांदेडजवळ गोदावरीच्या फुगवट्यात एक लहानसं बेट आहे. आमच्या शाळेची तिसरी-चौथीची मुलं दर हिवाळ्यात तिथे एक रात्र तंबूत राहायची. शिबिर माझ्याकडे होतं. मी मूळची लातूरची, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत वाढलेली. पोहता येत नाही. म्हणून सगळं कागदावर ठेवायची: यादी, लाइफ जॅकेट, औषधं, पालकांच्या सह्या. काका भोई, जन्म पाण्यावर गेलेला. नाव लहान, एका खेपेला आठ मुलं.

ते मुलांची डोकी मोजत नसत. "पान्यावर मान्सं मोजू न्हाई, बाई. नजर लागती." त्याऐवजी बेटावर उतरताना प्रत्येकाच्या हातावर ते एक चिंचोका ठेवायचे आणि परत निघताना तो मागून घेऊन कमरेच्या पिशवीत टाकायचे. पिशवी भरली की निघायचं. मला ही पद्धत पोरकट वाटायची आणि तसं मी सांगितलंही होतं. ते म्हणाले, "तुमची यादी तुमच्यापाशी, माजे चिंचोके माज्यापाशी. दोघांचं जुळलं की झालं."

त्या वर्षी दोघांचं जुळलं नाही. सकाळी तंबू गुंडाळत असतानाच, वेळ वाचावा म्हणून, मी सगळ्या नावांपुढे खुणा करून टाकल्या होत्या. शेवटची खेप भरली. काकांनी पिशवीतले चिंचोके हातावर घेतले, परत टाकले, पुन्हा काढले.

"बाई, एक चिंचोका कमी हाय."

"हरवला असेल कोणाचा. यादीत सगळे आहेत."

"येकदा फिरून येतो की. किती येळ लागतो?"

"काका, बस येऊन उभी आहे. चला."

ते वल्हं हातात घेऊन क्षणभर थांबले. मग निघाले. बाईंनी सांगितलं म्हणून निघाले.

अलीकडच्या काठावर बसमध्ये मुलं बसली आणि तिसरीतली श्रावणी नव्हती. माझं वाक्य पुरं होण्याआधी काकांनी नाव वळवली होती. तेवढ्या वेळात मी काय केलं ते मला आठवत नाही. पाण्याकडे बघितलं नाही एवढं आठवतं. अर्ध्या तासाने ते तिला घेऊन आले. चिखलात रुतलेली चप्पल काढायला ती झुडपामागे गेली होती. नाव गेलेली दिसल्यावर एका दगडावर बसून राहिली. "काका येणार होते ना," असं ती म्हणाली. पोरीला काही झालं नव्हतं.

पालकांनी मात्र शाळा डोक्यावर घेतली, आणि ते रास्तच होतं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी चार ओळी लिहिल्या. त्यातली तिसरी अशी: "परतताना नावाड्याच्या मोजणीत चूक झाली." मुख्याध्यापकांनी काकांना बोलावून ते वाचून दाखवलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. पुढच्या वर्षापासून शाळेने दुसरी, इंजिनाची बोट घेतली.

पाचसहा महिन्यांनी ते मला बाजारात भेटले, मासे घेऊन बसलेले. मी म्हणाले, "काका, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमची नोकरी हाय. मला मासे हाएत." मग टोपलीवरचं ओलं फडकं सारखं करत म्हणाले, "येकच काम करा, बाई. माजी नात रेणुका आठवीत हाय. गावात समदे म्हनून राहिले, पोचीराम लेकरू इसरून आला. तिलाबी तेच वाटतं. मी सांगितलं तर म्हनती, तू तर आसंच म्हननार. तेवढ्या येका पोरीला तुमी सांगा."

"सांगते," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. मग परीक्षा आल्या, प्रशिक्षण आलं, लातूरला आईचं ऑपरेशन झालं. कारणं सगळी खरी होती. त्यांचं गाव माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे.

काका वारल्याचं मला शाळेच्या शिपायाकडून कळलं. कावीळ झाली होती, अंगावर काढली. मी दहाव्याला गेले. रेणुका अंगणात पाहुण्यांची ताटं धूत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं: यादी माझी चुकली होती, तुझ्या आजोबांनी मला थांबवलं होतं, मी ऐकलं नाही आणि खोटं लिहिलं.

ती रडली नाही. राखेचे हात तसेच ठेवून म्हणाली, "बाई, मी नववीला नांदेडला जाते म्हनले, तवा आजा म्हनला, रोज येकटी जाऊ नको, सोबत बघ. मी म्हनले, तू नको शिकवू, तू लेकरू इसरून आलता. त्याच्यानंतर त्यानं मला कायबी सांगितलं न्हाई."

ती आत गेली, हात पुसून वही घेऊन आली, मधलं पान फाडलं आणि पेनासकट माझ्यापुढे धरलं.

"लिवून द्या. सही बी करा."

मी ओट्यावर बसून लिहिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. मी "नजरचुकीने" असं लिहिलं होतं. "हे खोडा," ती म्हणाली. मी खोडलं. दुसऱ्या दिवशी तशीच एक प्रत शाळेतही दिली. मुख्याध्यापक म्हणाले, आता याचा काय उपयोग.

लिहायला पाच मिनिटंही लागली नव्हती. वर्षभर मला वेळ मिळत नव्हता तो एवढ्याच कामाला.