पुरुषांच्या उंचीची जाळी

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिताना हात जड जातो, पण दुसऱ्याकडून लिहून घेतलं की तो आपलंच काहीबाही घालतो. म्हणून मीच लिहितो.

जानेफळहून थोडं आत आमचं गाव. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा माझी बायको गेली. पोरगी अजून नीट बोलतही नव्हती. दुसरं लग्न कर म्हणून सगळे मागे लागले; मी केलं नाही. घरात आम्ही दोघंच. मी वखर धरला की ती शेताच्या धुऱ्यावर बसून राहायची, मी जेवल्याशिवाय जेवायची नाही.

ज्वारी घरात आली की खळं रिकामं व्हायचं. बैलांनी तुडवून घट्ट झालेल्या त्या जागेवर आम्ही गडीमाणसं व्हॉलीबॉल खेळायचो. निंबाच्या दोन बल्ल्या रोवल्या होत्या, अंबाडीच्या सुतळीची जाळी मीच विणली होती. पोरगी मोठ्या वर्गात गेली तेव्हा शाळेत बाहेरगावच्या एक बाई आल्या. त्यांनी मुलींचा संघ काढला. शाळेला मैदान नव्हतं, मी माझं खळं दिलं. पोरगी संघात होतीच.

बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, मुलींसाठी जाळी खाली घ्यावी लागते."

"काऊन?"

"नियम आहे तसा."

"शायेत असन. ह्या खळ्यावर एकच जाळी हाय, अन् ते माह्या हातची बांधेल हाय. ते उतरत नसते."

जाळी तशीच राहिली. बाकीच्या मुली जाळीत बॉल मारून मारून दमायच्या. माझी हट्टी. ती उडायला शिकली.

जिल्ह्याच्या सामन्यांना बुलढाण्याला गेलो. तिथं जाळी नियमाची, चांगली वीतभर खाली. पोरगी सवयीनं उडाली आणि वरून जो शूट मारला तो थेट मैदानाबाहेर बाभळीत. दुसरा बघणाऱ्यांत जाऊन एका गृहस्थाची टोपी घेऊन गेला. पहिला डाव हातचा गेला. बाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, जसा काही मीच खेळून राह्यलो. मी उठून म्हटलं, "अवो बाई, जाळी ह्याईनं उतरवली, तिचा काय दोष?"

पोरगी पाणी प्यायला आली होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा बरं."

मी बसलो. पुढच्या डावात तिला जाळी समजली आणि समोरच्या मुलींना बॉल दिसेनासा झाला. जिंकल्यावर लोक विचारू लागले, ही एवढं उडायला शिकली कुठं? मी सांगितलं, माझ्या खळ्यावर. आजही तेच सांगतो. जाळी उतरवली असती तर ती बुलढाण्याच्या पुढं गेली नसती.

पण पुढं गेली, आणि इथं मी एकटा उरलो. विदर्भाच्या संघात निवड झाली, सरावासाठी ती महिना महिना नागपूरला राहू लागली. मी सकाळी भाकरी थापायचो, तीच संध्याकाळी खायचो. बैलांशी बोलायची सवय लागली. तेव्हा मी ठरवलं, घरजावई पाहायचा. पोरगी घरात राहील, वावरालाही माणूस होईल. तिच्या मामानं सुलतानपूरकडचं एक स्थळ आणलं. धाकटा मुलगा, आमच्या घरी येऊन राहायला तयार.

पाहुणे आले. मुलाच्या आत्यानं पोरीचा हात हातात घेतला, उलटसुलट पाहिला. बॉल झेलून झेलून मनगटापासून वर लाल-काळे वळ उठलेले असायचे.

"हे काय वं? मारते का बाप?"

"नाही, बॉल लागते," पोरगी म्हणाली.

"आमचं पोरगं तुमच्या घरी येऊन राहीन, त्याचं काही नाही. पन लगन झाल्यावर ह्या उड्या बंद करा लागन. असे हात चारचौघीत दाखवाचे हायेत का?"

मला हवं ते दारात येऊन बसलं होतं. नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. पोरीनं मान खाली घातली आणि बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. तिला स्वतःच्या हाताची लाज वाटावी, हे मला सोसलं नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पोहे खाऊन घ्या. मी गाडी जुंपाले सांगतो."

ते गेल्यावर तिचा मामा कपाळाला हात लावून बसला. "भाऊजी, म्हातारपनी पान्याचा गिलास कोन देईन तुमाले?"

"विहीर हाय माह्यी."

"विहिरीले हात हायेत का?"

"माह्ये हायेत."

नंतर एका सरकारी खात्यानं तिला खेळावर नोकरी दिली. त्यांच्या संघातून ती पार मद्रासपर्यंत खेळून आली. तिचं कार्ड आलं की त्या गावांची नावं मी मोठ्यानं वाचायचो, घरात ऐकायला कोणी नसताना. पारावर एकानं टोचून पाहिलं, "बापू, पोरगी हाफ पँटीत नाचते म्हने?"

"तू धोतरात नाचून दाखव बे," मी म्हटलं. पुन्हा कोणी विचारलं नाही. तसं पुन्हा कोणी फारसं बोललंही नाही.

मग तिचा गुडघा गेला. शेवटचा सामना नागपूरला आहे, असं तिनं कळवलं. मी गेलो. बराच वेळ ती बाकावरच होती. शेवटी उतरली, पण पाय जमीन सोडेना. सामना संपल्यावर ती पायरीवर बसली, मी शेजारी जाऊन बसलो.

"झालं आता?"

"झालं, बाबा."

"मंग चाल घरी."

ती गुडघ्याची पट्टी सोडत राहिली. "बाबा, इथल्या पोरींले शिकवाचं काम देऊन राह्यले मले. त्याईले उडताच येत नाही. तुम्हीच या नं इकडं."

"वावर कोन पाहीन?"

तिला यायचं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. माझ्या तोंडावर काय होतं, मला माहीत नाही.

"शिकव मंग," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मेहकरला उतरलो, दुपार कलताना घरी पोचलो. निघण्याआधी मी तिच्या खोलीच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या होत्या, खाटेला नवी सुतळी ओढली होती. दार उघडलं तर ओल्या मातीचा वास अजून होता.

त्या वर्षी कापूस बरा आला. ओसरीत मावेना, तेव्हा तो मी त्या खोलीत भरला.