त्याच्या आयडीवरची कामं

आमच्या साखर कारखान्याच्या संगणकातून रोज सकाळी शेतकऱ्यांना ऊसतोडीचे मेसेज आपोआप जायचे. मेसेज पाठवायची ती सगळी कामं माझ्या हाताखालच्या ऑपरेटरनं स्वतःच्या आयडीवर लावली होती. तो हार्ट अटॅकनं गेला. तेराव्यानंतर नियमावर बोट ठेवून मी त्याचा आयडी बंद केला, आणि दुसऱ्याच दिवशी सिरसाळ्याहून एका शेतकऱ्याचा फोन आला, "साहेब, मेसेज कावून न्हाई आला?" आयडीबरोबर त्यावरची कामंही थांबली होती. मी मुकाट्यानं आयडी पुन्हा चालू केला. आता रोज सकाळी स्क्रीनवर मेलेल्या माणसाच्या नावापुढं ‘काम पूर्ण’ असं उमटतं.

छातीत दुखतंय म्हणून त्यानं दोन दिवसांची रजा मागितली होती. मीच खेकसलो होतो, "तू गेल्यावर ही कामं कोण बघंल बे?"