तिसरी आवृत्ती

धारूरच्या एसटीत शेजारच्या पोरगेल्या कवीनं रुमालानं पुसून एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. यादवकाळच्या मराठीत, ओव्यांत रचलेलं नाटक! दोन पानांतच माझं डोकं गरगरलं. छपाई लग्नपत्रिकावाल्याची. शेवटच्या पानावर राजा मरतो, खाली धारूरच्या किल्ल्यावरच्या प्रयोगाची तारीख, आणि त्याखाली छापणाऱ्यानं सवयीनं टाकलेली ओळ: "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!"

"प्रयोगाला कुणी येतं का?" मी हसू दाबलं.

"पहिल्या आवृत्तीला लई लोक आले, आहेर घेऊन. जेवण न्हाई हे कळलं, तरी राजा मरस्तोवर बसले."

"दुसरीत ओळ काढली असेल."

"काढली की. एकबी माणूस आला न्हाई." त्यानं पुस्तकावरची धूळ पुन्हा पुसली. "ही तिसरी हाय. येताल ना लग्नाला?"